परदेशी भाषेचा मायनर: वीस क्रेडिटांत भाषा किती येते?

बारावीपर्यंत जर्मन, फ्रेंच किंवा जपानी घेण्यामागचं कारण साधं असतं: विषय स्कोअरिंग आहे. पदवीला तीच भाषा मायनर म्हणून घ्यायची ठरली की घरातले प्रश्न बदलतात. जर्मनीला जाता येईल का? जपानी कंपनीत नोकरी लागेल का? निदान भाषांतराची कामं तरी मिळतील का? तिन्हींचं उत्तर एकच आहे: नुसत्या मायनरवर नाही. पण मायनर डोळे उघडे ठेवून पुरा केला, तर त्यातला साधारण अर्धा रस्ता पदवीच्याच फीमध्ये आणि पदवीच्याच वेळापत्रकात उरकतो. उरलेला अर्धा कुठे आहे हे पहिल्याच वर्षी कळलं, तर तिसऱ्या वर्षी कपाळावर हात मारायची वेळ येत नाही.

आधी मायनर म्हणजे काय ते पाहू, कारण प्रवेशाच्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीची मांडणी बदलली. महाराष्ट्रात उच्च शिक्षण विभागाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून क्रेडिटांची वाटणी ठरवून दिली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट. त्यातला मोठा वाटा मुख्य विषयाचा, म्हणजे मेजरचा. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय पद्धतशीर शिकायचा, तो मायनर. त्याला १८ ते २० क्रेडिट आणि तेही पहिल्या तीन वर्षांतच पुरे करायचे. पदवी चार वर्षांची केली तरी मायनर चौथ्या वर्षावर ढकलता येत नाही. मायनर आपल्याच शाखेतला असावा अशी सक्ती नाही, त्यामुळे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जपानी घेऊ शकतो, वाणिज्यचा फ्रेंच. निदान कागदावर तरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे युजीसीच्या, २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत मायनरला २४ क्रेडिट धरले आहेत, म्हणून दिल्लीत शिकणाऱ्या मावसभावाचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका.

आता गोंधळ. एकाच कॉलेजात 'जर्मन' या नावाने तीन-चार वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. ओपन इलेक्टिव्ह म्हणून दोन किंवा चार क्रेडिटांचं जर्मन असतं. ते मेजरच्या शाखेबाहेरचा विषय घ्यायचा म्हणून घेतलेलं असतं, एखाद-दुसऱ्या सेमिस्टरमध्ये संपतं आणि त्यातून नमस्कार-चमत्कार आणि शंभरपर्यंत आकडे एवढं हाती लागतं. क्षमता वृद्धीचे जे आठ क्रेडिट असतात, त्यांत इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा येतात. परदेशी भाषेला तिथे जागा नाही. मायनर हा तिसरा प्रकार, सेमिस्टरमागून सेमिस्टर चालणारा. आणि चौथा प्रकार पदवीच्या पूर्ण बाहेरचा: पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले विद्यापीठाचे सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्स, मॅक्समुल्लर भवनचे किंवा आलियाँस फ्राँसेजचे वर्ग. यातला एक केला म्हणून दुसरा आपोआप पुरा होत नाही. ओपन इलेक्टिव्हचे चार क्रेडिट मायनरमध्ये मोजले जातील असं गृहीत धरून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना कोणी फसवलेलं नसतं. दोन्ही रकान्यांत 'जर्मन' असंच छापलेलं असतं.

तासांचा हिशेब

क्रेडिट हा शब्द गुणांसारखा वाटतो, पण तो मुळात वेळेचा हिशेब आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तासांचं शिकवणं, प्रात्यक्षिकाचा असेल तर ३० तास. म्हणजे चार क्रेडिटांचा पेपर ६० तासांचा, आठवड्याला चार तास. वीस क्रेडिट म्हणजे ३०० तास. परदेशी भाषेच्या मायनरबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

आता हे ३०० तास बाहेरच्या मापाने मोजू. युरोपीय भाषांसाठी जगभर सीईएफआर नावाची श्रेणी वापरतात, खालून वर: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्समुल्लर भवन, ४५ मिनिटांच्या तासिकांत हिशेब सांगतं: ए२ पर्यंत पोहोचायला सुमारे २०० ते ३५०, बी१ ला ३५० ते ६५०, बी२ ला ६०० ते ८००. आपले ३०० तास म्हणजे अशा ४०० तासिका. कागदावर पाहिलं तर बी१ च्या उंबरठ्यावर.

प्रत्यक्षात माणूस ए२ च्या आसपास उतरतो. याचा दोष ना विद्यार्थ्याचा ना शिक्षकाचा. मायनरमधले सगळे क्रेडिट भाषेचे नसतात. त्या देशाचा इतिहास, साहित्याची ओळख, भाषांतराची तत्त्वं असे पेपर त्यात असतात आणि ते बरेचदा इंग्रजीतून शिकवले जातात. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असली की तासभरात प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला मिनिटभर येतं. सबमिशन, गॅदरिंग, निवडणुकीची ड्यूटी यांत जाणारे तास वेगळे. आणि वाटणी विषम असते. दुसऱ्या सेमिस्टरला दोन क्रेडिट आणि पुढच्या चार सेमिस्टरना चार-चार अशी मांडणी नेहमी दिसते. म्हणजे सुरुवातीला, जेव्हा भाषा रोज कानावर पडायला हवी, तेव्हा आठवड्याला दोन तास, आणि मग उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी. जूनमध्ये परत आलेल्या वर्गाला वार आणि महिने पुन्हा शिकवावे लागतात.

जपानीसाठी गणित आणखी कडक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषा-शाळा आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला कामापुरती जर्मन यायला तिथे साडेसातशे ते नऊशे तास धरतात आणि जपानीला २,२०० तास. चिनी, कोरियन, अरबी त्याच गटात. ३०० तासांच्या जपानीतून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सर्वांत खालची पातळी आरामात निघते, कष्टाळू विद्यार्थी एन४ काढतो. एन३ मायनरच्या अभ्यासक्रमातून नाही, घरच्या अभ्यासातून येते.

परीक्षेचे दोन वेगळे तराजू

विद्यापीठात उत्तीर्ण व्हायला साधारण ४० टक्के लागतात, त्यातही इंटर्नलचे गुण हातात असतात. गोएथेच्या परीक्षेत ६० टक्के लागतात. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेला शंभरात ५०, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येक भागात २५ पैकी किमान ५ हवेतच. जेएलपीटी १८० गुणांची. एन५ ला ८०, एन४ ला ९०, एन३ ला ९५ गुण आणि शिवाय प्रत्येक विभागात ठरावीक किमान. त्यामुळे मायनरमध्ये 'ए प्लस' असलेली मुलगी बाहेरच्या ए२ परीक्षेत अडखळते तेव्हा तिला धक्का बसतो. वास्तविक तिने वेगळीच गोष्ट सिद्ध केलेली असते.

म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहा. जर्मनमध्ये 'दास बूख लीग्ट आउफ डेम टिश' म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. 'इश लेगे दास बूख आउफ डेन टिश' म्हणजे मी पुस्तक टेबलावर ठेवतो. मराठीत दोन्हीकडे 'टेबलावर'च. जर्मनमध्ये वस्तू एका जागी असेल तर डेम, तिथे नेली जात असेल तर डेन, विभक्ती बदलते. लेखी परीक्षेत हा गाळलेल्या जागेचा एका गुणाचा प्रश्न असतो. वर सूचनाच लिहिलेली असते की योग्य विभक्ती भरा, म्हणजे कुठे विचार करायचा ते आधीच सांगितलेलं. विद्यार्थी नियम आठवतो, भरतो, गुण मिळतो. तोंडी परीक्षेत समोरचा विचारतो की किल्ली कुठे ठेवलीस. तिथे कोणी सूचना देत नाही. आधी 'किल्ली' आठवायची, मग क्रियापद, मग त्यातून ठरणारी विभक्ती, मग टेबलाचं लिंग. एवढं होईतो परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. हे नियम वहीतून जिभेवर आणायला पाठांतर पुरत नाही, तोंडाने वाक्यं घोटावी लागतात. वर्गात त्याला वेळ मिळत नाही, घरी कोणी करत नाही.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी सवलत आहे. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत. इंग्रजीतूनच विचार करणाऱ्या मुलाला जो धक्का बसतो तो आपल्याला बसत नाही. फक्त लिंगं जुळत नाहीत, म्हणजे टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिकडे पुल्लिंगी. जपानीत तर आणखी सोय आहे. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'पुणे कारा तोक्यो मादे' म्हणजे पुण्यापासून टोकियोपर्यंत. क्रम शब्दाला शब्द तोच. वाक्यरचना पहिल्या महिन्यात बसते, म्हणून मुलं खूश असतात. मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, येते. एन४ पर्यंत सुमारे तीनशे आकृत्या, एन२ पर्यंत हजारभर. कांजी आठवड्याच्या चार तासांत शिकवून होत नाही. ती रोज वीस मिनिटं गिरवायची गोष्ट आहे आणि हा वेळ कुठल्याच क्रेडिटमध्ये मोजलेला नाही.

एक गोष्ट मात्र मायनरच्या बाजूची. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, मोठं लिहायचंही नसतं; सगळं पर्याय निवडण्याचं. त्यामुळे एन३ चं प्रमाणपत्र खिशात आणि मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही, असे उमेदवार खरोखर असतात. कॉलेजात तोंडी परीक्षा आणि प्रेझेंटेशन असतील तर ती टाळू नका. बाहेर हाच सराव करायला घसघशीत फी मोजावी लागते.

कोणती भाषा, कशासाठी

इथे सल्ला देणारे खूप आणि बहुतेक जण पगाराचे आकडे सांगतात. मी एवढंच म्हणेन की आधी मेजरकडे पाहा. जर्मनीतल्या विद्यापीठात जर्मन माध्यमातून शिकायचं तर साधारण सी१ च्या जवळची तयारी लागते, टेस्टडाफ किंवा डीएसएच अशी परीक्षा द्यावी लागते; मायनर तिथवर नेत नाही. इंग्रजी माध्यमाच्या एमएससाठी जर्मनची अट सहसा नसते, पण तिथे गेल्यावर खोली शोधताना आणि सरकारी कचेरीत उभं राहिल्यावर ए२ सुद्धा सोन्याच्या मोलाची ठरते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून जर्मनची चर्चा तालुक्याच्या गावांपर्यंत गेली आहे. पण त्या वाटेने जाणाऱ्या परिचारिकेला बी१-बी२ ची जर्मन लागते आणि बीएच्या मायनरमधली जर्मन ए२ च्या आसपास थांबते, एवढं अंतर आहे.

इतिहास मेजर असणाऱ्यांनी तर वेगळाच विचार करावा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते आणि पणजीच्या पुराभिलेखागारात शतकांचे पोर्तुगीज कागद आहेत. इतिहास संशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी तेच कागद वाचून मराठ्यांच्या इतिहासात मोलाची भर घातली. गोव्यात आजही १९६१ पूर्वीचे जमिनीचे दस्त वाचायला पोर्तुगीज जाणणारा माणूस शोधावा लागतो. अशा कामाला अस्खलित बोलणं लागत नाही, वाचणं लागतं. आणि वाचण्यापुरती भाषा ३०० तासांत खरोखर बरीच हाती येते. मायनरची सर्वांत चांगली किंमत मला अशाच ठिकाणी वसूल होताना दिसते, जिथे भाषा मेजरचं हत्यार बनते. नुसतीच 'रिझ्युमेवर छान दिसतं' म्हणून घेतलेली भाषा तिसऱ्या सेमिस्टरला जड व्हायला लागते.

पुरा कसा होतो, अडतो कुठे

मायनर अडतो तो अभ्यासापेक्षा व्यवस्थेत जास्त. बहुतेक कॉलेजांत परदेशी भाषेला पूर्णवेळ प्राध्यापक नसतो. शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. वर्ष संपलं की नेमणूक संपते, नवी व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर वर्ग रिकामा. मला माहीत असलेल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मुलं कमी झाली म्हणून भाषेची तुकडीच बंद केली आणि उरलेल्यांना दुसरा मायनर घ्यायला लावला. नव्या मायनरमध्ये जुने भाषेचे क्रेडिट धरता आले नाहीत. म्हणून प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. ही भाषा सहाव्या सेमिस्टरपर्यंत चालवणार का? यंदा तिसऱ्या वर्षाला तिची मुलं आहेत का? आणि किमान किती मुलं लागतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. माहितीपत्रकात छापलेला विषय आणि प्रत्यक्ष चालू असलेला विषय यांत फरक असतो.

बारावीपर्यंत ती भाषा केलेल्यांनी आणखी एक विचारावं: सुरुवात शून्यापासून आहे का? मायनर सहसा शून्यापासूनच सुरू होतो. दोन वर्षं जर्मन शिकलेला मुलगा आणि आजच वर्णमाला पाहणारा मुलगा एकाच बाकावर बसतात. पहिल्याला फुकटचे गुण मिळतात आणि वर्षभर तो काहीच शिकत नाही. त्याने ते वर्ष स्वतःहून पुढच्या पातळीच्या तयारीत घालवलं, तर तिसऱ्या वर्षाअखेर बी१ त्याच्या आवाक्यात येते.

मायनरच्या पेपरात केटी लागली, म्हणजे पेपर राहिला, तर ती मेजरच्या केटीइतकीच खरी असते. पुढच्या वर्षात जाण्याच्या नियमात दोन्ही मोजल्या जातात. क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षं ग्राह्य राहतात. दर सेमिस्टरनंतर डिजिलॉकरमध्ये जाऊन ते खरंच जमा झालेत का, आणि मायनरच्या रकान्यात जमा झालेत का, हे पाहायची सवय लावा. अर्धवट मायनरला नाव नसतं. सोळा क्रेडिट झाले म्हणून 'जवळजवळ मायनर' असं कोणी लिहून देत नाही.

तुकडी बंद पडली किंवा शिक्षक मिळाला नाही तर एक वाट स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलची. युजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. त्यातल्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमात आयआयटी मद्रासचा जर्मन आणि आयआयटी कानपूरचा जपानी भाषेचा कोर्स येऊन गेलेला आहे. असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ असे गुण असतात. पण कोर्स सुरू होण्याआधी कॉलेजची लेखी मंजुरी हवी. आधी केला आणि मग अर्ज घेऊन गेलो, असं चालत नाही.

बाहेरच्या परीक्षेचं वेळापत्रक मायनरला जोडून घेणं हा सगळ्यात फायद्याचा भाग. जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पुणे हे त्याचं एक केंद्र आहे आणि अर्ज काही महिने आधी बंद होतात. डिसेंबरची तारीख कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेच्या जवळ येते, तेव्हा तयारी एकच करून दोन्ही देता येतात. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरला एन५, तिसऱ्याच्या डिसेंबरला एन४ हा वेग नोकरी न करणाऱ्या विद्यार्थ्याला झेपतो. जर्मनवाल्यांनी चौथं सेमिस्टर संपल्यावरच्या सुट्टीत ए१ किंवा ए२ देऊन टाकावी. शिकलेलं ताजं असतं आणि पाचव्या सेमिस्टरमधला साहित्याचा पेपर सोपा जातो. ए१ आणि ए२ एका बैठकीत पूर्ण द्याव्या लागतात. बी१ पासून गोएथेच्या परीक्षेचे चार भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा.

आणि भाषेतच पुढे जायचं मनात असेल तर: युजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजरच्या किंवा मायनरच्या विषयात एमएला प्रवेश घेता येतो. भौतिकशास्त्रात बीएस्सी करून जर्मनमध्ये एमए करण्याचं दार त्यामुळे उघडलं आहे. मात्र प्रवेश परीक्षेत समोर बसलेले निम्मे जण पदवीची तीनही वर्षं जर्मनच शिकलेले असू शकतात. तिथे वीस क्रेडिटांची गुणपत्रिका फक्त आत बसू देते; पुढच्या उताऱ्याचं भाषांतर स्वतःलाच करावं लागतं.